लांडग्याची हिशेबवही

ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे दुःखाचे गाणे, गाणारा अमेरिकी गायक हाउलिन वुल्फ याचे चाहते एकमेकांशी बोलू लागले की बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्याच्या देहापासून होते. सहा फुटांहून बरीच अधिक उंची, सव्वाशे किलोंच्या घरातले वजन, आणि एवढा अवाढव्य माणूस मंचावर हातापायांवर रांगतो आहे, नाट्यगृहाच्या पडद्याला लटकतो आहे, डोळे फिरवत पहिल्या रांगेवर धावून जातो आहे, अशा आठवणी चवीने सांगितल्या जातात. त्यानंतर पाळी येते आवाजाची, आणि तिथे भले भले लोक विशेषणांच्या मागे लागतात. मी स्वतः अनेक वर्षे त्याचे गाणे ऐकत आलो आहे आणि या कौतुकात मीही सामील आहे. मात्र त्याच्याविषयी जसजसे अधिक वाचत गेलो, तसतसे मला वाटू लागले की आपण ज्याचा उत्सव करतो तो अर्धाच वुल्फ आहे. उरलेला अर्धा वुल्फ आपल्या वादकांना ठरलेला पगार वेळेवर देत होता, त्यातून सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापून सरकारकडे भरत होता, आणि चाळिशी ओलांडल्यावर वर्गात बसून लिहायला-वाचायला शिकत होता.

उत्सवाला तशी काही कमतरता नाही. मिसिसिपी राज्याच्या ईशान्य भागातील वेस्ट पॉइंट या गावाजवळ, व्हाइट स्टेशन येथे, 10 जून 1910 रोजी त्याचा जन्म झाला. त्या वेस्ट पॉइंटमध्ये आज त्याचा पुतळा आहे आणि त्याच्या स्मरणार्थ ब्लूज महोत्सव भरत आला आहे. ब्लूज हॉल ऑफ फेमने 1980 साली, म्हणजे आपल्या पहिल्याच यादीत, त्याचे नाव घेतले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने 1991 साली घेतले. 1994 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्या चित्राचे 29 सेंटचे तिकीट काढले. शिकागोच्या पश्चिमेकडील हिलसाइड या उपनगरातल्या ओकरिज दफनभूमीत त्याची कबर आहे आणि तिच्या शिळेवर गिटार व हार्मोनिका कोरलेली आहे. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्या परिसराने आज त्याचा पुतळा उभारला आहे, त्याच परिसरात लहानपणी त्याला घर उरले नव्हते, हे महोत्सवाच्या गजरात सहज विसरले जाते.

त्याचे खरे नाव चेस्टर आर्थर बर्नेट. अमेरिकेच्या एकविसाव्या राष्ट्राध्यक्षांवरून ते ठेवलेले होते. आजोबा त्याला लांडग्यांच्या गोष्टी सांगून भीती घालत, आणि त्यातूनच पुढे ते टोपणनाव आले. आईवडील विभक्त झाले, आईने त्याला घराबाहेर काढले, आणि ज्या नातलगाने ठेवून घेतले त्याने त्याला अतिशय वाईट वागवले. तेराव्या वर्षी तिथून पळून, अनवाणी सुमारे 85 मैल चालत आपण मिसिसिपी डेल्टात वडिलांकडे पोहोचलो, असे तो सांगत असे. वडिलांनी त्याला सामावून घेतले आणि 1928 साली पहिली गिटार घेऊन दिली. जवळच राहणाऱ्या चार्ली पॅटन या ब्लूज गायक-वादकाकडून तो गिटार शिकला, आणि सूर व शब्दांइतकीच गिटार फिरवण्याची, पाठीमागे धरून वाजवण्याची खुबीही त्याने तिथूनच उचलली. पुढे शिकागोत जे पाहून लोक थक्क होत, ते पुष्कळसे पॅटनचे देणे होते. अंगात काहीतरी संचारलेल्या माणसाचे ते आपोआप घडणारे वागणे नव्हते. हार्मोनिका त्याला सावत्र बहिणीच्या नवऱ्याने शिकवली. हा नवरा म्हणजे राइस मिलर, जो दुसरा सनी बॉय विल्यमसन म्हणून प्रसिद्ध आहे.

आई गर्ट्रूड मात्र कधी परतली नाही. ती रस्त्यावर स्वतः रचलेली भक्तिगीते गात असे, आणि ब्लूज हे तिच्या लेखी सैतानाचे संगीत होते. मुलगा नावारूपाला आल्यावर त्याने देऊ केलेले पैसे तिने नाकारले. गाण्यातून मिळालेला पैसा स्वच्छ असतो की नाही, या प्रश्नाने त्याला आयुष्यभर छळले असावे, असे मला वाटते. तो पैशाच्या बाबतीत इतका काटेकोर का होता, याचे एक कारण मी इथे शोधतो. अर्थात हा माझा तर्क आहे, आणि त्याच्या मनात शिरण्याचा अधिकार चाहत्याला नसतो.

आता त्या आवाजाकडे वळतो, कारण त्याला बाजूला ठेवून वुल्फविषयी काही लिहिणे अशक्य आहे. जिमी रॉजर्स नावाचा गोरा कंट्री गायक त्या काळी योडेलिंगसाठी, म्हणजे खालच्या सुरातून क्षणात पातळ, वरच्या सुरात उडी मारण्याच्या गायकीसाठी, अतिशय लोकप्रिय होता. वुल्फला तसे गाता येईना. योडेल जमेना म्हणून मी हुंकारायला लागलो आणि माझे बरे चालले, अशा अर्थाचे त्याचे एक उत्तर प्रसिद्ध आहे. ते ऐकायला विनोदी वाटते, पण त्यात गायकीचा खरा उलगडा आहे. 1956 सालच्या 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'मध्ये प्रत्येक ओळ छातीतून निघालेल्या, कडा फाटलेल्या आवाजात सुरू होते, आणि ओळ संपताना तोच आवाज एकाएकी सडपातळ होऊन वर निसटतो. ही ती न जमलेली योडेल आहे, आणि ती न जमल्यामुळेच अद्वितीय ठरली आहे. त्याचा गांधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. तो त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात फिरत राहतो आणि दर वेळी थोड्या निराळ्या जागी थांबतो. आवाज एवढा खरखरीत असूनही स्वरस्थान ढळत नाही, हे कान देऊन ऐकले तरच लक्षात येते. त्याला 'रानटी' म्हणणाऱ्यांबद्दल माझी हीच तक्रार आहे की ते खरखर ऐकतात आणि नेमकेपणा ऐकत नाहीत.

त्या गाण्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. ब्लूजमध्ये बहुधा बारा बारच्या, म्हणजे तालाच्या बारा आवर्तनांच्या, चौकटीत तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ठरावीक क्रमाने येतात. इथे ते वळण नाहीच. एकाच कॉर्डवर गिटारची छोटीशी सुरावट अखंड फिरत राहते, तिच्यावर होसिया ली केनार्डचा पियानो आणि अर्ल फिलिप्सचे ड्रम, आणि मधल्या मोकळ्या जागांत गायकाची साद. गाणे कुठेही जात नाही, आणि तरीही गाडी चालल्याचा भास होतो. लहानपणी रात्री आगगाडीच्या धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्या पाहत बसण्याच्या आठवणीतून ते सुचल्याचे तो सांगत असे. अशा रचनेत वादक बदलते असून चालत नाही. एकच सुरावट तीन मिनिटे जिवंत ठेवायची तर वादकांना गायकाचा श्वास पाठ असावा लागतो, आणि तो पाठ होण्यासाठी त्याच माणसांनी त्याच माणसामागे वर्षानुवर्षे उभे राहावे लागते. म्हणूनच मी हिशेबवहीचा विषय काढतो आहे.

गाण्यावर पोट भरण्याइतपत स्थिरता त्याला उशिरा मिळाली. तरुणपण शेतात गेले, 1941 ते 1943 लष्करात गेले, आणि लष्करी जीवन त्याला मानवले नाही. 1948 साली तो आर्कन्सॉमधील वेस्ट मेम्फिसला आला, विजेच्या गिटारी असलेला वाद्यवृंद जमवला आणि केडब्ल्यूईएम या रेडिओ केंद्रावर गाऊ लागला. 1951 साली मेम्फिसच्या सॅम फिलिप्सने त्याचे ध्वनिमुद्रण केले. पुढे एल्विस प्रेस्लीला प्रकाशात आणणारा तो हाच फिलिप्स. आणि तरीही वुल्फ हा आपल्याला सापडलेला सर्वांत मोठा कलावंत होता, तो हातचा गेल्याची खंत कायम राहिली, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. 'मोनिन ॲट मिडनाइट' या पहिल्याच तबकडीच्या आरंभी साथीशिवाय एक हुंकार येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आवाज माणसाचा आहे की वाद्याचा, हे क्षणभर कळत नाही. ती तबकडी शिकागोच्या चेस या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने बाजारात आणली आणि काही काळाने वुल्फही शिकागोला निघाला.

त्याचे हे निघणे मला फार आवडते. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेतून बाहेर पडले, आणि त्यांतले असंख्य लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेने, जवळजवळ रिकाम्या खिशाने शिकागोत उतरले. वुल्फ मात्र 1953च्या सुमारास स्वतःच्या मोटारीने आला. खिशात सुमारे चार हजार डॉलर होते, आणि दक्षिणेतून सभ्य गृहस्थासारखा बाहेर पडलेला आपण एकटेच, अशी बढाई तो मारत असे. बढाईच ती, पण तिच्यात तो कशाचा अभिमान बाळगत होता ते पाहावे: आवाजाचा नव्हे, शिल्लक रकमेचा.

शिकागोच्या ब्लूजमध्ये मडी वॉटर्स या गायकाचे राज्य होते. मडीने सुरुवातीला त्याला आधार दिला, क्लबमालकांशी ओळखी करून दिल्या, आणि पाहता पाहता दोघे प्रतिस्पर्धी झाले. शहराच्या पश्चिम भागातील सिल्व्हिओज हा क्लब वुल्फचे ठाणे बनला. चेस कंपनीत दोघांसाठीही गाणी लिहिणारा विली डिक्सन या चढाओढीचा मस्त फायदा घेई: एखादे गाणे वुल्फच्या गळी उतरत नसेल तर ते मडीसाठी लिहिले आहे असे त्याला सांगायचे, की वुल्फ ते मागून घेई. हा किस्सा स्वतः डिक्सनच सांगत असे. 'स्पूनफुल', 'बॅक डोअर मॅन', 'लिटल रेड रूस्टर' ही 1960-61मधली गाणी डिक्सनचीच. वुल्फला त्यांतली काही मनापासून आवडत नसत, आणि तरी ती त्याने अशी गायली आहेत की दुसऱ्या कोणाच्या तोंडी ती उसनी वाटतात.

मडीने एकदा वुल्फचा गिटारवादक ह्यूबर्ट समलिन याला जास्त पैसे देऊन पळवले होते. समलिन थोड्याच काळात परत आला आणि वुल्फच्या मृत्यूपर्यंत त्याच्याकडेच राहिला. का राहिला असेल? प्रेम होते, हे उघड आहे. समलिनने लहानपणी क्लबच्या खिडकीतून वुल्फला चोरून पाहिले होते आणि 1954 साली वुल्फने त्याला शिकागोला बोलावून घेतले, तेव्हा तो जेमतेम विशीत होता. पण दोघांत मारामाऱ्या होत, एकमेकांचे दात पडण्यापर्यंत मजल जाई, हेही समलिननेच सांगितले आहे. निव्वळ प्रेमावर असा वाद्यवृंद वीस वर्षे टिकत नाही.

तो टिकला कारण त्याला नोकरीचे रूप होते. त्या काळी क्लबमध्ये वाजवणाऱ्याला रात्रीची रोकड हातावर ठेवली जाई, तीही मालकाच्या मर्जीने, आणि आजारी पडले किंवा काम सुटले की विचारणारे कोणी नसे. वुल्फ आपल्या वादकांना नियमित पगार देई, त्यांच्या नावे सामाजिक सुरक्षेची आणि बेकारी विम्याची वर्गणी भरे, आणि पुढे आरोग्य विम्याची सोयही त्याने केली. बेकारी विम्याचा अर्थ असा की दौरे थांबले, क्लब बंद पडले, तरी वादक सरकारी कचेरीतून भत्ता घेऊ शकत होता. शिकागोच्या क्लबांत वाजवणाऱ्यांच्या दुनियेत ही गोष्ट दुर्मीळ होती. बदल्यात शिस्त कडक होती. उशीर झाला, दारू पिऊन मंचावर आले, कपडे नीट नसले, तर दंड होई. त्याच्या हाताखाली काम करणे सुखाचे नसावे, आणि त्याला संत ठरवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु 'किलिंग फ्लोर' या गाण्यात समलिनची गिटार वुल्फच्या ओळीच्या शेपटीला ज्या विश्वासाने पकडते, तो विश्वास पगाराच्या पाकिटावरही उभा आहे, असे म्हणायला मी कचरत नाही.

वुल्फची दुसरी सवय तर अधिकच लक्षणीय आहे. बालपणी शाळा हुकली होती आणि सही करण्यापलीकडे फारसे काही येत नव्हते. प्रसिद्ध झाल्यावर, चाळिशीत, तो प्रौढांच्या वर्गात जाऊ लागला. लिहिणे-वाचणे शिकला, पुढे हिशेबाचा आणि व्यवसायाचा अभ्यास केला. पत्नी लिली सुशिक्षित होती आणि घरचा व वाद्यवृंदाचा आर्थिक व्यवहार तिने समर्थपणे सांभाळला. चेस कंपनीत कलावंताला चकचकीत मोटार घेऊन द्यायची आणि ती त्याच्या मानधनात वळती करायची, असा प्रकार चाले. वुल्फ साध्या पॉन्टियॅक स्टेशन वॅगनवर समाधानी राहिला. चेसचे इतिहासकार हे तपशील तळटीपेसारखे देतात. मला ते त्याच्या संगीताच्या मुळाशी असलेले दिसतात.

1966 सालच्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाच्या वेळचे एक चित्रण उपलब्ध आहे. त्यात वुल्फ ब्लूज म्हणजे काय ते सांगतो. त्याचे म्हणणे असे की, जवळ पैसा नसला, घरभाडे देता येत नसले, की माणसाला ब्लूज होतो. विरह नाही, नशीब नाही, ब्लूजच्या दंतकथांतला, चौरस्त्यावर भेटणारा सैतान तर नाहीच. त्याच वेळी डेल्टातला ज्येष्ठ गायक सन हाउस नशेत काहीतरी बडबडतो आणि वुल्फ त्याला सर्वांसमोर फटकारतो. ते पाहताना मला अवघडल्यासारखे होते, कारण सन हाउस हा त्याच्यासाठीही आदरणीय होता. परंतु ज्याने सर्व काही सांभाळून ठेवले त्याचा ज्याने सर्व काही उधळले त्याच्यावरचा तो राग आहे, आणि तो मला खोटा वाटत नाही.

चाहत्यांचे सर्वांत लाडके चित्रण मात्र दुसरेच आहे. 20 मे 1965 रोजी 'शिंडिग' या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात रोलिंग स्टोन्स या इंग्रज रॉक वाद्यवृंदाने वुल्फला सोबत घेण्याचा आग्रह धरला. आदल्या डिसेंबरात त्यांचे 'लिटल रेड रूस्टर' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते. वुल्फ 'हाउ मेनी मोअर इयर्स' गातो आणि ते तरुण त्याच्या पायाशी बसून ऐकतात. दृश्य सुंदर आहे, त्या इंग्रज मुलांचा आदर खरा आहे, आणि गोऱ्या अमेरिकी घराघरांत तो आवाज त्या दिवशी पोहोचला हेही खरे. तरी त्या चित्रफितीतून वुल्फचे मोठेपण मोजण्याची जी सवय लागली आहे, ती मला मान्य नाही. स्टोन्स, क्रीम, डोअर्स अशा रॉक वाद्यवृंदांनी त्याची गाणी गायली म्हणून तो मोठा, अशी मांडणी केली की चोपन्न वर्षांचा, कारकिर्दीच्या ऐन भरात असलेला गायक एकाएकी दुसऱ्यांचा पूर्वज होऊन बसतो. पश्चिम शिकागोतला जो कामगारवर्ग शनिवारी रात्री सिल्व्हिओजमध्ये त्याला ऐकत होता, त्याला तो रॉकचा पूर्वज म्हणून नको होता. तो क्लब 1968 साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या दंगलीत जळाला. त्याच्या जागी पुतळा नाही.

चेस कंपनीलाही हा मोह आवरला नाही. तरुण रॉक श्रोत्यांना ओढण्यासाठी 1969 साली तिने त्याच्या जुन्या गाण्यांना कर्कश इलेक्ट्रिक साज चढवला आणि मुखपृष्ठावर चक्क छापले की हा वुल्फचा नवा अल्बम आहे आणि तो त्याला आवडत नाही. प्रामाणिकपणाचा असा नमुना विरळाच म्हणावा लागेल. लंडनमध्ये 1970 साली एरिक क्लॅप्टन, बिल वायमन आणि चार्ली वॉट्स या इंग्रज रॉक वादकांसोबत झालेले ध्वनिमुद्रण त्याहून पुष्कळ बरे आहे. त्यात 'लिटल रेड रूस्टर' कसे वाजवायचे ते वुल्फ इतरांना समजावतो आहे, तो तुकडाही कंपनीने ठेवला आहे. माझ्या मते त्या अल्बममधला सर्वांत मोलाचा भाग तो धडाच आहे. समलिनही त्या वेळी तिथे होता.

सत्तरच्या दशकात हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला घेरले. दर काही दिवसांनी डायलिसिस करावे लागे आणि तरी तो दौरे करत राहिला. नोव्हेंबर 1975मध्ये शिकागोच्या इंटरनॅशनल ॲम्फिथिएटरमध्ये बी. बी. किंगसोबत त्याचा शेवटचा मोठा कार्यक्रम झाला, आणि त्या अवस्थेतही तो मंचावर रांगला. 10 जानेवारी 1976 रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, शिकागोजवळच्या हाइन्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले.

त्याच्यानंतर वाद्यवृंद विखुरला नाही. सॅक्सोफोनवादक एडी शॉ शेवटच्या वर्षांत त्याचा कारभारही पाहत असे. त्याने 'वुल्फ गँग' या नावाने तो वाद्यवृंद पुढे चालवला आणि 2018 साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत तो ब्लूज वाजवत राहिला. समलिन डिसेंबर 2011मध्ये गेला. त्याच्या अंत्यविधीचा खर्च रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी उचलला. त्या दोघांच्या कृतज्ञतेचा हा पुरावा मला 'शिंडिग'मधल्या दृश्यापेक्षा अधिक भावतो, कारण यात वुल्फचीच रीत आहे: मान द्यायचा तो पैशांतही द्यायचा.

तेव्हा 10 जूनला त्याचे गाणे लावणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की मुखपृष्ठावर झुलती खुर्ची असलेला 1962 सालचा अल्बम लावावा, आणि लावण्यापूर्वी वादकांची नावे वाचावीत. पहिल्या फेरीत आवाज ऐकावाच, त्याला इलाज नाही. दुसऱ्या फेरीत मात्र आवाजाकडे दुर्लक्ष करून केवळ समलिनची गिटार ऐकावी: तो कुठे गप्प राहतो, कुठे एकच सूर टोचून बाजूला होतो, कुठे गायकाची ओळ अर्धवट असतानाच उत्तर देऊन मोकळा होतो. तिसऱ्या फेरीत ड्रम ऐकावेत. महोत्सवांत वुल्फच्या गुरगुरण्याची नक्कल करणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतले काही चांगलेही असतात. पण त्यांच्यामागे वाजवणाऱ्यांना त्या रात्री किती मिळाले, हे विचारणारा चाहता अजून मला भेटायचा आहे.